विश्वासू माळी

निखाऱ्यांवर उजवा तळहात धरायचा आणि मोठ्याने आकडे म्हणायचे, ही भाऊंची पद्धत. एक, दोन, तीन, चार… पाचाला हात आपसूक मागे आला तर विस्तव तयार. तिनालाच आला तर अजून जाळ आहे, थांबा. आठापर्यंत टिकला तर विस्तव मेला, आणखी करवंट्या टाका. मग तोच तळहात आम्हाला दाखवून म्हणायचे, "ह्ये आपलं थर्मामीटर." कुदळ आणि कोयता धरून त्या हाताची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. त्यांच्या पाचापर्यंत आमच्यापैकी कुणाचाही हात टिकला नसता.

कुणी भुकेने चुळबुळ केली की ठरलेलं उत्तर असायचं. "घाई हाय? मग हाटेलात जा. इथं कोंबडी मानसाची वाट बघत नाय. मानसानं कोंबडीची बघायची."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, जो विस्तवापाशी बसला की बाकीच्यांनी नुसतं हात पसरून थांबायचं. मला अशा एका माणसाबद्दल सांगायचं आहे. खरं तर माझ्याबद्दल सांगायचं आहे, पण ते भाऊंना मध्ये घेतल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांचं नाव सांगत नाही. एकदा मी त्यांची ओळख करून दिली होती, ती पुरे झाली.

नव्वद साल उलटल्यावर आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात फ्लॅट घेतला. लग्न नवं, इमारत नवी आणि नळ कोरडे. भाऊ रोज सकाळी गास गावाहून सायकलवर भाजी घेऊन यायचे. मागे दोन्ही बाजूंना टोपल्या आणि वर ओलं पोतं. माठ, मेथी, मुळा, कधी केळ्याची फणी. ते ओरडत नसत, फक्त दोनदा घंटी वाजवत.

माझी बायको राजापूरकडची. पहिल्याच आठवड्यात तिने माठाची जुडी उलटी धरून मुळं पाहिली. भाऊ म्हणाले, "शेतकऱ्याची पोर हायस ना तू?" तिने मान हलवली आणि तिचे डोळे भरून आले. घर सोडून तिला दोन महिनेही झाले नव्हते. भाऊंनी एक जुडी जास्त ठेवली. "मंग तू आमचीच लेक," म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती लेक झाली, म्हणून मी जावई. दुसऱ्या दिवसापासून घंटीनंतर जिन्यात हाक यायची, "जावय, आज आफिस नाय का तुला?" सगळ्या इमारतीला वाटायचं, हे खरोखरच माझे सासरे.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मुलगी दीड महिन्याची असताना उन्हाळ्यात आमच्या इमारतीला पाच-पाच दिवस पाणी येईना. बाळाचे लंगोट कुठे धुवायचे, इथपासून प्रश्न. एका सकाळी भाऊ पहिल्यांदाच जिना चढून वर आले. कोरड्या बादल्यांकडे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "कपडे भर." रिक्षा करून दोघींना गासला घेऊन गेले. पाऊस लागेपर्यंत त्या तिथेच होत्या. मावशी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, बाळाला विहिरीचं पाणी तापवून न्हाऊ घालायच्या, पायांवर उपडं घेऊन तेल चोळायच्या. मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिकडे जायचो. ताट वाढलेलं असायचं. इतक्या दिवसांत 'आता कधी जाणार' असं कुणी विचारलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही.

इमारतीतल्या माझ्या दोन मित्रांना मी भाऊंची वाडी दाखवायला नेलं, तिथून आमचे रविवार सुरू झाले. मित्रांपैकी एकाने कुठेतरी पाहिलं होतं, तो म्हणाला, "भाऊ, बार्बेक्यू करू या." भाऊंनी शब्द दोनदा म्हणून पाहिला. "बार-बे-क्यू. ह्या क्यूत पन उभं ऱ्हायाचं का, रेशनसारखं?" मग त्यांनी दाखवलं. नारळीखाली दोन ओळी विटा, मध्ये करवंट्यांचे निखारे. इमारतींच्या कामावरून उरलेल्या बारीक सळया लोहाराकडून टोकदार करून आणलेल्या. आलं, लसूण, हिरवी मिरची, हळद लावलेली कोंबडी त्यांवर ओवून भाजायची, मग ते तुकडे पोह्यांत आणि मसाल्यात घोळायचे. "आमच्यात ह्याला भुजिंग म्हनतात. क्यू नाय लागत."

पहिली सळई उतरली की ती माझ्या हातात. "जावयाचा मान," ते म्हणायचे. मित्र आरडाओरडा करायचे. सगळ्यांचं होईपर्यंत स्वतः मात्र एक तुकडाही तोंडात टाकायचे नाहीत. शेवटी जळकी, कडेची हाडं चोखत बसायचे आणि म्हणायचे की खरी चव तिथेच असते. ते खरं नसावं, पण म्हणायचे.

पुढे एका पावसाळ्यानंतर भाऊ माडावरून घसरले. उजव्या गुडघ्यात काहीतरी फाटलं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा झाडावर चढायचं नाही. तेव्हापासून नारळ काढायला माणूस बोलवायचे. सायकल चालवता यायची, पण उतरताना तोंड वेडंवाकडं व्हायचं.

आता ऑफिसकडे येतो.

अंधेरीला एका खासगी कंपनीत मी नोकरीला होतो. आमचे साहेब नवीन आले होते. हुशार, मोकळे, मराठी. डब्याच्या वेळी आमच्यात येऊन बसायचे. तिथे कुणी लोणावळ्याच्या बंगल्याबद्दल बोलायचं, कुणी अलिबागच्या जागेबद्दल. एकदा मी म्हणून गेलो, "आमची पण गासला वाडी आहे." बोललो तेव्हा मनात खरोखर बायकोचं हे दुसरं माहेर होतं. पण साहेबांनी विचारलं, "किती आहे?" तर मी म्हणालो, "दोन एकर." विहीर आहे? आहे. माड? सत्तर. सगळी उत्तरं बरोबर होती. फक्त मालक चुकला होता, आणि ती चूक मी त्या दिवशी दुरुस्त केली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्या वर्षी बढतीसाठी माझं नाव पुढे गेलं होतं, हेही सांगायला हवं.

एके दिवशी साहेब म्हणाले, "अरे, मग एक रविवार तुझ्या फार्मवर बार्बेक्यू होऊन जाऊ दे."

मी भाऊंना विचारलं. वाडी कुणाची म्हणून सांगितलंय, ते नाही सांगितलं. ते म्हणाले, "इचारतोस काय? तुझी मानसं ती आपली मानसं. किती कोंबड्या सांग."

बायको मुलीला घेऊन राजापूरला गेली होती. आज वाटतं, तो रविवार मी मुद्दाम निवडला असणार.

अकराच्या सुमारास दोन गाड्या आल्या. साहेब, त्यांच्या पत्नी, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि ऑफिसातले तिघे. फेब्रुवारीचं ऊन, पाटाला पाणी सोडलेलं, केळीची पानं हलत होती. साहेब पाहतच राहिले. "काय जागा आहे रे! लपवून ठेवली होतीस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं.

भाऊ विटांपाशी उकिडवे बसले होते. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत पंचा. नेहमीसारखा तळहात निखाऱ्यांवर धरून आकडे म्हणत होते. आमच्यात पाचसहा हातांचं अंतर असेल.

साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

भाऊंनी वर पाहिलं. हसायच्या तयारीत होते. मी त्यांची ओळख काय करून देतो, याची वाट पाहत होते.

मी म्हणालो, "माळी आहे. जुना आहे. विश्वासू आहे."

एवढंच बोललो. आयुष्यात त्यांना पहिल्यांदा 'आहे' म्हणालो, 'आहेत' नाही.

भाऊंचा आकडा चारावर थांबला. हात मात्र तिथेच राहिला. पाच गेले, सहा, सात. मी मनात मोजत होतो. मग त्यांनी हात काढला, पंच्याला पुसला आणि उभे राहिले. "विस्तव झाला, साहेब," ते मला म्हणाले. "लावू का सळया?"

ते मला साहेब म्हणाले! मला अजून आठवतं, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. चला, यांनी सांभाळून घेतलं. ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे. ते माझं खोटं उचलून चालायला लागले आणि मी हात झटकून मोकळा झालो.

पहिली सळई त्यांनी साहेबांना दिली. दुसरी साहेबांच्या पत्नीला. मला पाचवी की सहावी मिळाली, ती वाकून, दोन्ही हातांनी. सगळे वाहवा करत होते. "माळीबुवा, तुम्ही हॉटेल टाका," कुणीतरी म्हणालं. भाऊ म्हणाले, "साहेबांची वाडी कोन बघंल मग?" सगळे हसले. मीही हसलो.

मग साहेबांच्या मुलीला शहाळं हवं झालं.

साहेब सहज म्हणाले, "माळीबुवा, पोरीला एक शहाळं काढून द्या ना." त्यांचा काय दोष? माळी माडावर चढतो, एवढंच त्यांना माहीत.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. फक्त विचारत होते. 'त्यांचा गुडघा दुखावलाय, चढू नका,' एवढं मी बोललो असतो तरी चाललं असतं. माळ्याचाही गुडघा दुखावू शकतो. माझं खोटं तसंच टिकलं असतं. पण मी घाबरलो होतो. एक शब्द बोललो तर त्यामागून दुसरा येईल आणि सगळं उघडं पडेल, असं वाटलं. मी खाली वाकून उगाच एक सळई फिरवली.

त्यांनी पायात दोरीचा फास अडकवला आणि चढू लागले. डावा पाय वर, मग दोन्ही हातांनी शरीर ओढून घ्यायचं, उजवा पाय नुसता मागून घसटत यायचा. अर्ध्यावर थांबले. खालून मुलगी टाळ्या वाजवत होती.

झावळ्यांचा आवाज ऐकून मावशी घरातून धावत आल्या. "अवो, कोन चढलंय? तुमी? डोकं फिरलंय काय तुमचं!" मग त्यांना मी दिसलो. "जावय, तू तरी सांग रं त्यांना! मरायला चढले का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. "जावई?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "इथे सगळ्यांना तसंच म्हणतात. गावठी बोलणं असतं."

मावशींना पहिल्यांदा काही कळलं नाही. त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग कळलं. वरून भाऊंचा आवाज आला, "तू आत जा गं." त्यांनी पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या. संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. ज्या बाईने माझ्या मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, तिचं बोलणं मी गावठी म्हणालो होतो.

भाऊ सात शहाळी टाकून खाली उतरले. छाती सालपटली होती, नडगीवरून रक्ताचा ओघळ आला होता. तो त्यांनी पंच्याने टिपला. कोयत्याने तीन घावांत एकेक शहाळं उघडून सगळ्यांच्या हातात दिलं. मुलीला मलई खायला सालीचा छोटा चमचा करून दिला. ती त्यांना 'थँक यू अंकल' म्हणाली. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी नात्याने बोललं असेल तर ती एकटीच.

निघताना साहेब मला म्हणाले, भाऊंच्या समोरच, "असा माणूस सांभाळून ठेव. मिळत नाहीत हल्ली."

गाड्या गेल्यावर मी मागे राहिलो. सळया राखेने घासायला बसलो. दर रविवारी ते काम माझंच असायचं. भाऊ लंगडत आले आणि माझ्या हातातली सळई काढून घेतली. "राहू द्या," म्हणाले. "कपडे खराब व्हतील तुमचे." मी त्या वाक्यात टोमणा शोधला. आजही शोधतो. सापडला असता तर बरं झालं असतं. माझा शर्ट खरंच नवा होता आणि राख खरंच लागत होती.

दुसऱ्या दिवशी फुलपाड्यात भाजी आली नाही. आठवडाभर आली नाही. मग आली, पण भाऊ सायकलवर बसून येत नव्हते, हातात धरून चालत येत होते. गासपासून विरारपर्यंत. पुन्हा सायकलवर बसलेले ते मला कधी दिसले नाहीत. त्या गुडघ्याचं काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही.

बायको राजापूरहून परतली तेव्हा तिच्या लगेच लक्षात आलं. "भाऊ तुम्हाला साहेब का म्हणतात?"

"गंमत करत असतील," मी म्हणालो.

ती पुढच्या रविवारी एकटीच गासला जाऊन आली. आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला. मी दारात उभा. मला वाटलं, ओरडेल, रडेल. तिने पाठमोरीच विचारलं, "ते शहाळं तुम्हीसुद्धा प्यायलात?"

"हो."

"सगळं?"

"हो."

त्यानंतर गासला ती एकटी जायची, मुलीला घेऊन. मला 'चला' म्हणायची नाही आणि 'येऊ नका' असंही म्हणायची नाही.

बढती मिळाली. मिळाल्यावर महिन्याभराने मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. रात्ररात्र घोकलेलं वाक्य बोललो. "सर, गासची ती वाडी माझी नाही. ज्यांना मी माळी म्हणालो, त्यांचीच आहे."

साहेब सह्या करत होते. "कुठली वाडी?" मग आठवलं. "अच्छा, ती! अरे, मग काय झालं? छान मजा आली होती." आणि पुढचा कागद ओढला. ज्या माणसाच्या भीतीने मी ते केलं, त्याच्या लेखी ती वाडी माझी होती काय नि दुसऱ्याची होती काय, सगळं सारखंच होतं.

त्याच आठवड्यात मी गासला गेलो. भाऊ केळीला टेकू देत होते. मी त्यांच्या हातातला बांबू धरला आणि म्हणालो, "भाऊ, माझं चुकलं. मी तुम्हाला… मी नको ते बोललो."

त्यांनी सुंभाची गाठ मारली. दुसरी मारली. "मानूस घाबरला म्हंजी बोलतो कायपन," ते म्हणाले. "राग नाय माझा."

"मग मला पहिल्यासारखं बोला ना."

त्यांनी तिसरी गाठ मारली. मग म्हणाले, "दोन-तीनदा म्हनून बघितलं मी, घरात, एकटाच. जीभ वळत नाय. त्याला मी काय करू, साहेब?"

त्यांनी पोटात काही ठेवून ते म्हटलं नव्हतं. खरंच अडचण सांगत होते. एखादं जुनं कुलूप आता उघडत नाही म्हणून सांगावं तसं.

पुढची चार-पाच वर्षं ते भाजी देत राहिले. बायकोशी हसून बोलत. मुलीच्या हातात पेरू ठेवत. मी दिसलो की किंचित बाजूला सरकून मला वाट देत.

एका पावसाळ्यात, तापाचं निमित्त होऊन, भाऊ गेले. बायकोला निरोप आला तेव्हा मी कामावर होतो. मला कळवायला तिला संध्याकाळ झाली. लेक म्हणून जे करायचं ते तिने केलं. मी दहाव्याला गेलो आणि बाहेरच्या पुरुषांत बसलो. मावशींनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, इतरांच्या पुढे ठेवला तसाच.

त्याच्या आधी काही महिने मी भाऊंना बाजारात पाहिलं होतं, ते शेवटचं. ऑफिसातला एक नवा मुलगा विरारला फ्लॅट बघायला आला होता, त्याला घेऊन मी हिंडत होतो. समोरून भाऊ सायकल ढकलत आले. टोपल्यांत मुळ्याचा पाला. खूप वाळले होते. त्यांनी मला पाहिलं आणि सवयीने बाजूला सरकायला लागले.

मी त्यांच्या सायकलचं हँडल धरलं. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "हे माझे सासरे. गासला यांची वाडी आहे, दोन एकर."

भाऊ गोंधळले. त्यांनी त्या मुलाच्या टायकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, त्यांना माझी काळजी वाटली. मी कुठल्यातरी नव्या अडचणीत आहे, असं त्यांना वाटलं असावं. ते हात जोडून त्या मुलाला घाईघाईने म्हणाले, "नाय, नाय, साहेब. मी भाजीवाला. ह्यांच्याकडं भाजी देतो. लई चांगले हायेत साहेब."

आणि माझ्या हातातून हँडल हळूच सोडवून घेऊन गर्दीत निघून गेले.

"कोण होते?" त्या मुलाने विचारलं.

"माझे सासरे," मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय.